शेजारच्या खोलीत कुणीतरी होतं

अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने डिसेंबर 2022 मध्ये एक अहवाल काढला. 10 ते 19 वयाची जी मुलं अमली पदार्थांच्या अतिसेवनाने गेली, त्यांच्या मृत्यूंची त्यात छाननी होती. 2019 ची अखेर ते 2021 ची अखेर, म्हणजे अवघ्या दोन वर्षांत, असे मृत्यू दुपटीहून जास्त झाले होते. दहातल्या नऊ मृत्यूंत ओपिऑइड, म्हणजे अफूच्या कुळातलं औषध, सापडलं. पण माझी नजर अडकली ती दुसऱ्याच आकड्यावर. यातली दोन तृतीयांश मुलं गेली तेव्हा जवळपास कुणी ना कुणी होतं. त्यातल्या बहुतेकांनी काहीच केलं नाही. कुणी पलीकडच्या खोलीत होतं, कुणाला पोरगं काही घेतं हेच ठाऊक नव्हतं, आणि कुणाला समोर दिसत होतं ते काय आहे हे ओळखता आलं नाही. झोपलाय, असं वाटलं.

मी मेडिकल चालवतो. तालुक्याचं गाव, दुकान कॉलेजच्या रस्त्यावर. काही वर्षांपूर्वी बारावीतला एक मुलगा दर तीन-चार दिवसांनी खोकल्याच्या औषधाची बाटली मागायला यायचा. आजीला खोकला झालाय म्हणायचा. चिठ्ठी म्हणून एकाच कागदाची झेरॉक्स, घड्या घालून मऊ पडलेली. पहिल्यांदा मी दिली, दुसऱ्यांदाही दिली, आणि ते चुकलंच. तिसऱ्यांदा ‘माल संपलाय’ म्हणून परत पाठवलं आणि आपण फार जबाबदारीने वागलो असं मनाशी धरून बसलो. तो पुढच्या दुकानात गेला असणार. त्याच्या वडिलांना मी ओळखत होतो. रोज सकाळी दुधाची पिशवी घेऊन दुकानावरून जायचे, नमस्कार व्हायचा. त्यांना एका शब्दाने काही बोललो नाही. उगाच कशाला दुसऱ्याच्या घरात नाक खुपसा! मुलगा पुढे सावरला, पण त्यात माझा वाटा काही नाही. मीही पलीकडच्या खोलीतलाच.

म्हणून हा लेख नशा करणाऱ्या मुलांपेक्षा त्यांच्या आसपासच्या माणसांसाठी जास्त आहे. रूममेट, आई-वडील, मामा-मावशी, वर्गशिक्षक, होस्टेलचे रेक्टर आणि माझ्यासारखे मेडिकलवाले.

एकाच कुळातली औषधं

खसखशीच्या बोंडाला चीर दिली की चीक येतो. तो वाळला की अफू. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला सेर्ट्युर्नर नावाच्या जर्मन औषधविक्रेत्याच्या मदतनिसाने अफूतून मॉर्फिन वेगळं काढलं. त्याच चिकात कोडीनही असतं. मॉर्फिनवर थोडी रासायनिक प्रक्रिया केली की हेरॉइन होतं, आणि हे हेरॉइन 1898 पासून बायर कंपनी चक्क खोकल्यावरचं औषध म्हणून विकत होती. कोडीन मेंदूतलं खोकल्याचं केंद्र शांत करतं, म्हणून काही कफ सिरपमध्ये ते आजही असतं. ट्रॅमाडॉल, टॅपेन्टाडॉल, फेन्टानिल ही कारखान्यात बनलेली भावंडं. त्यांना बोंडाची गरज लागत नाही. या सगळ्यांना मिळून ओपिऑइड म्हणतात. पुण्या-मुंबईत ऐंशीच्या दशकात ‘गर्द’ म्हणून जे आलं ते याच घरातलं, भेसळीचं कच्चं हेरॉइन. त्या गर्दाने तरुण पोरं खाल्ली, आणि त्यातूनच 1986 साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांच्या देणगीच्या पाठबळावर पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं.

बातम्यांत सगळं एकाच शब्दात गुंडाळतात: ड्रग्ज. पण गांजा, कोकेन, एमडी (मेफेड्रोन) हे या कुळातले नाहीत. एमडी माणसाला उधळवतं, ओपिऑइड निजवतं. मालेगावकडे जिला ‘कुत्ता गोळी’ म्हणतात ती अल्प्राझोलाम, म्हणजे झोपेच्या-चिंतेच्या औषधांपैकी. तीही ओपिऑइड नव्हे, पण ओपिऑइडबरोबर घेतली तर जिवावर बेतू शकते. हा फरक माहीत असावा लागतो, कारण उतारा आणि उपचार दोन्ही त्यावर ठरतात. आणखी एक गोंधळ इथेच मिटवतो. 2025 मध्ये मध्य प्रदेशात कफ सिरपने लहान मुलं दगावली ती डायएथिलिन ग्लायकॉल या विषारी भेसळीने. त्याचा कोडीनशी संबंध नाही.

श्वास विसरणारा मेंदू

आपल्या शरीरात वेदना कमी करणारी स्वतःची रसायनं असतात, एन्डॉर्फिन. ती बसायला मेंदूत आणि मज्जारज्जूत कुलपांसारख्या जागा असतात. ओपिऑइड म्हणजे त्या कुलपाची बनावट किल्ली, आणि ती मूळ किल्लीपेक्षा जास्त जोरात फिरते. वेदना थांबते. शरीराचीच नव्हे, मनाचीही. नापास झाल्याची लाज, घरच्या भांडणांचा कालवा, एकटेपण, सगळ्यावर गोधडी टाकल्यासारखं होतं. मुलं ‘मजा’ म्हणून सुरुवात करत असतील, पण त्यातली जी अडकतात त्यांना बरेचदा मजेपेक्षा ही गोधडी हवी असते. सीडीसीच्या त्याच अहवालात गेलेल्या मुलांपैकी सुमारे 41 टक्क्यांना आधीपासून मानसिक त्रास होता किंवा त्यावर उपचार चालू होते, असं आढळलं.

अडचण अशी की तीच कुलपं मेंदूच्या बुंध्यातही असतात, जिथून श्वास चालतो. झोपेत आपण श्वास घ्यायचं लक्षात ठेवत नाही. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की बुंधा आपोआप ‘घे’ म्हणतो. ओपिऑइड त्या पहारेकऱ्यालाच झोपवतं. श्वास मिनिटाला बाराचा आठ होतो, आठाचा चार, मग कधीतरी थांबतो. हृदय पुढे काही मिनिटं चालूच असतं. जीव वाचवायची वेळ तीच.

दारू आणि झोपेच्या गोळ्याही श्वास मंदावतात. पार्टीत तिन्ही एकत्र आली तर बेरीज होत नाही, गुणाकार होतो.

काही दिवस रोज घेतलं की शरीर सावध होतं आणि कुलपं बोथट करून ठेवतं. मग तेवढ्याच गोळीने काही होत नाही, दोन लागतात, चार लागतात. यालाच सवय लागणं म्हणतात, आणि यात चारित्र्याचा काही संबंध नाही. कॅन्सरच्या रुग्णालाही मॉर्फिनची मात्रा कधीकधी याच कारणाने वाढवावी लागते. पण इथे एक फसवा भाग आहे. तरंगण्याची सवय शरीराला पटकन होते, श्वास दबण्याची सवय त्या मानाने सावकाश आणि अर्धवट. मुलगा जुना आनंद शोधत मात्रा वाढवत राहतो आणि धोक्याची रेघ जवळ येत जाते.

दुसरा भाग त्याहून घातक. महिनाभर बंद ठेवलं की शरीराची ही सवय मोडते. मुलगा गावी राहून आला, केंद्रातून बरा होऊन आला, परीक्षेपुरता थांबला, आणि मग एक दिवस पूर्वीचीच मात्रा घेतली. पूर्वी झेपत होती ती आता झेपत नाही. असे मृत्यू नेमके ‘आता सुटलाय’ म्हणून घर निर्धास्त झालेलं असताना होतात.

आणि औषध एकदम तोडलं तर? नाक गळतं, सारख्या जांभया येतात, अंगावर काटा, जुलाब, हाडं मोडल्यासारखी वेदना, झोप नाही. घरच्यांना वाटतं फ्लू झालाय. शेवटच्या मात्रेनंतर साधारण अर्ध्या ते एका दिवसात हे सुरू होतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला जातं, आठवड्याभरात ओसरतं. त्या तीन दिवसांत मुलगा गोळी मागतो ती तरंगायला नव्हे, नुसतं उभं राहायला. त्याला ‘मनाची ताकद दाखव’ म्हणणं म्हणजे हगवण लागलेल्याला निश्चय करायला सांगणं.

इकडे आणि तिकडे

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेलं देशव्यापी सर्वेक्षण 2019 मध्ये प्रसिद्ध झालं. त्यानुसार 10 ते 75 वयोगटातले सुमारे 2 टक्के, म्हणजे सव्वादोन कोटी लोक वर्षभरात कधी ना कधी ओपिऑइड घेतात. 10 ते 17 वयोगटात हे प्रमाण 1.8 टक्के, मुलं जवळपास 40 लाख. ज्यांना घातक सवय किंवा व्यसन आहे असे देशात सुमारे 77 लाख, आणि त्यातले निम्म्याहून जास्त ज्या आठ राज्यांत आहेत त्यांत महाराष्ट्रही आहे. पंजाबकडे बोट दाखवून आपण मोकळे होतो, ते तितकंसं खरं नाही.

आपल्याकडे मुलांच्या हाती लागतं ते बहुतेक औषधाच्या रूपात: कोडीनचं सिरप, ट्रॅमाडॉल, टॅपेन्टाडॉल. गोळी कंपनीची असते, स्ट्रिपवर बॅच नंबर असतो, त्यामुळे ती ‘ड्रग’ वाटत नाही. रात्र जागून अभ्यासाला, कबड्डीत मुरगळलेल्या खांद्याला, ‘एनर्जी’ला म्हणून कुणीतरी ट्रॅमाडॉल पुढे करतं. जास्त मात्रेत ट्रॅमाडॉलने फिट येतात, हे देणाऱ्याला माहीत नसतं. कोडीनचं वेगळंच. ते यकृतात मॉर्फिन होतं, आणि काही लोकांत जन्मतःच हे रूपांतर फार वेगाने होतं. दोघांनी सारखं प्यायलं तरी एकाला पेंग येते आणि दुसऱ्याचा श्वास थांबू शकतो. बाहेरून पाहून कोण कुठला ते ओळखता येत नाही. याच कारणाने अमेरिकेने 2017 मध्ये 12 वर्षांखालच्या मुलांना कोडीन देणं निषिद्ध ठरवलं.

अमेरिकेची गोष्ट वेगळी आहे, आणि ती आपल्याला कळायला हवी, कारण आपली कितीतरी मुलं तिकडे शिकायला जातात. तिथे त्या दोन वर्षांत शाळकरी मुलांमध्ये नशा वाढली नव्हती, उलट 2021 मध्ये कमी झाली होती. वाढले ते मृत्यू. याचं कारण फेन्टानिल. मॉर्फिनच्या सुमारे 100 पट ताकदीचं, दोन मिलिग्रॅम म्हणजे मिठाचे मोजके कण जिवावर बेतू शकतात. तस्कर ते पिठात कालवून हुबेहूब औषधी गोळीचा साचा मारतात. मित्राने परीक्षेच्या आदल्या रात्री दिलेली एकाग्रतेची ‘अ‍ॅडरॉल’ किंवा दुखण्यावरची ‘पर्कोसेट’ आतून फेन्टानिल असू शकते. 2023 मध्ये तिथल्या अमली पदार्थ विरोधी यंत्रणेने, डीईएने, जप्त गोळ्या तपासल्या तेव्हा फेन्टानिल असलेल्या दर दहा बनावट गोळ्यांपैकी सातमध्ये प्राणघातक मात्रा निघाली. म्हणजे तिथे व्यसन लागायची वाटच पाहावी लागत नाही. पहिलीच गोळी शेवटची ठरू शकते. भाचा-पुतणी तिकडे निघाली असेल तर लोणच्याच्या बरणीबरोबर हे एक वाक्यही द्या: डॉक्टर-फार्मसीकडून न आलेली गोळी, कुणाचीही, घ्यायची नाही.

पण आपणही नुसते साळसूद नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये बीबीसीने दाखवलं की टॅपेन्टाडॉल आणि स्नायू सैल करणारं कॅरिसोप्रोडॉल यांचं कुठेही मान्यता नसलेलं मिश्रण मुंबईची एक कंपनी पश्चिम आफ्रिकेत पाठवत होती आणि घाना, नायजेरियातली तरुण पोरं त्यात अडकत होती. केंद्राने मग त्या मिश्रणाच्या निर्मितीची आणि निर्यातीची परवानगी काढून घेतली.

भाषणाने भागत नाही

शाळेत अमली पदार्थ विरोधी दिन साजरा होतो. पाहुणे येतात, कवटीची चित्रं दाखवतात, शपथ होते, वडापाव. याने काही होत नाही, हे फार पूर्वीच तपासून झालंय. लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी 1983 मध्ये डेअर नावाचा कार्यक्रम सुरू केला; गणवेशातला पोलीस वर्गात येऊन ‘नाही म्हणा’ शिकवायचा. देशभर गेला, पालकांना आवडला. नंतरच्या अभ्यासांत त्याचा मुलांच्या नशेवर जवळपास काहीच परिणाम दिसला नाही. संयुक्त राष्ट्रांच्या प्रतिबंधविषयक मानकांतही नुसती भीती घालणं, एकदाच भाषण ठेवणं, सुटलेल्या व्यसनीला शाळेत आणून कहाणी सांगायला लावणं या गोष्टी निष्फळ किंवा उलट परिणामाच्या म्हटल्या आहेत. चौदा वर्षांच्या मुलाला त्या कहाणीतून एवढंच कळतं की हा माणूस बरीच वर्षं नशा करून आज स्टेजवर उभा आहे.

उपयोग होतो तो कंटाळवाण्या गोष्टींचा. वर्षभर थोडं थोडं, ताण कसा पेलायचा, मित्राला न दुखावता नकार कसा द्यायचा, याचा सराव. शाळेत निदान एक मोठं माणूस असं, ज्याच्याशी बोलता येतं. घरी ठरलेल्या वेळेला एकत्र जेवण, पोरगं कुठे आहे याची चौकशी, पण झडती नव्हे. झोप.

कायद्याचा भागही आहे. कोडीन, ट्रॅमाडॉल अशी औषधं 2014 पासून एच-वन या यादीत आहेत. खोक्यावर लाल चौकट असते, चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, डॉक्टरचं आणि रुग्णाचं नाव वेगळ्या रजिस्टरात लिहून ते तीन वर्षं ठेवायचं. ट्रॅमाडॉल 2018 पासून एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याखालीही आलं. नियम चांगले आहेत. रजिस्टर लिहायचा कंटाळा करणाऱ्यांत मीही कधीकाळी होतो, म्हणून सांगतो, त्या रजिस्टराचा खरा उपयोग इन्स्पेक्टरसाठी नाहीच. एकच नाव महिन्यात चौथ्यांदा लिहिताना हात थबकतो, त्यासाठी आहे. आता मी अशा मुलाला ‘माल नाही’ म्हणत नाही. बाजूला घेतो, पाणी देतो, विचारतो. दहातले आठ पळून जातात. दोन थांबतात.

घरात काय दिसतं? बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, अंधारातही. बोलता बोलता मान कलणं. सतत बद्धकोष्ठ, सतत नाक खाजवणं. गादीखाली किंवा बाथरूमच्या माळ्यावर रिकाम्या छोट्या बाटल्या. पैशांचा हिशोब न लागणं. यातल्या एकावरून आरोप करू नका. आणि विचाराल तेव्हा ‘तू नशा करतोस का रे?’ असं विचारू नका; उत्तर ‘नाही’च येणार. ‘हल्ली तुला झोप कशी लागते?’ इथून सुरुवात करा. तो सांगेल तेव्हा पहिली पाच मिनिटं फक्त ऐका. आई रडायला लागली की मुलं थांबतात.

पालकांची मोठी भीती पोलिसांची. पोरगं दवाखान्यात नेलं तर केस होईल, पासपोर्ट अडेल, लग्न अडेल. एनडीपीएस कायद्यात 64-अ हे कलम आहे. सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणात जवळ बाळगल्याच्या गुन्ह्यात सापडलेला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेत असेल तर त्याच्यावर त्याबद्दल खटला चालवता येत नाही, फक्त उपचार अर्धवट सोडायचे नाहीत. आणि 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार व्यसनाच्या उपचारांची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे.

उपचारात बहुतेकदा ब्युप्रेनॉर्फिन देतात, जिभेखाली विरघळणारी गोळी. तीही ओपिऑइडच, पण किल्ली अर्धीच फिरते: तडफड थांबते, तरंगणं होत नाही, श्वास दबण्यालाही एका मर्यादेपुढे जाता येत नाही. ‘एक नशा सोडवून दुसरी लावली’ असं नातेवाईक म्हणतात. मधुमेहाच्या इन्सुलिनला आपण तसं म्हणत नाही. नुसतं दहा दिवस कोंडून ‘साफ’ करून घरी पाठवणं जास्त धोक्याचं, का ते वर आलंच आहे. सरकारी रुग्णालयांतल्या व्यसनोपचार केंद्रांत हे मोफत असतं. 14446 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर जवळचं केंद्र विचारता येतं, मन खचलं असेल तर 14416 वर बोलता येतं.

झोपलाय की बुडतोय

आता रूममेटसाठी. घोरण्यात गुळगुळ आवाज येतोय, ओठ किंवा नखं निळी-राखाडी पडली आहेत, श्वास फार संथ आहे, छातीच्या मधल्या हाडावर मुठीने जोरात घासूनही तो उठत नाही: ही झोप नाही. 108 किंवा 112 फिरवा. काय घेतलं ते डॉक्टरांना खरं सांगा, स्ट्रिप किंवा बाटली सोबत द्या. श्वास नसेल तर मान किंचित मागे, नाक चिमटीत, तोंडावाटे दर पाच सेकंदांना एक श्वास. नाडीही लागत नसेल तर छाती दाबायला घ्या. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा, म्हणजे उलटी घशात जाणार नाही. मिठाचं पाणी, लिंबू, गार पाण्याची अंघोळ, थोबाडीत मारणं, काही नको. एकटं सोडू नका. ‘सकाळपर्यंत उतरेल’ हे वाक्य तर मुळीच नको.

याला उतारा आहे, नॅलॉक्सोन. कुलपातली बनावट किल्ली ढकलून स्वतः बसतं, आणि निपचित पडलेला माणूस दोन-तीन मिनिटांत श्वास घेऊ लागतो. अमेरिकेत त्याचा नाकात मारायचा फवारा 2023 पासून चिठ्ठीशिवाय मिळतो, कॅलिफोर्नियातल्या सरकारी कॉलेजांत तो मुलांना वाटतात. तिकडे शिकणाऱ्या मुलीच्या बॅगेत तो असला तर दचकू नका. ती कुणासाठी तरी बाळगतेय. आपल्याकडे मुख्यतः इंजेक्शन, दवाखान्यात. त्याचा असर साधारण अर्ध्या ते दीड तासात उतरतो आणि गोळी अजून रक्तात असते, म्हणून उठून बसला तरी रुग्णालयात न्यायचंच.

एक काम आजच करण्यासारखं आहे. आजीच्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर किंवा बाबांच्या अपघातानंतर आणलेली ट्रॅमाडॉलची अर्धी स्ट्रिप कपाटात असेल. नाव नीट वाचा, कॉम्बिनेशनच्या गोळीत ते पॅरासिटामॉलच्या शेजारी बारीक छापलेलं असतं. एरवी औषधं संडासात टाकू नयेत, पण देशाच्या औषध नियंत्रकांनी 2025 मध्ये 17 औषधांची एक यादी काढली आहे, जी घरात ठेवण्यापेक्षा संडासात टाकून पाणी सोडलेलं बरं. ट्रॅमाडॉल आणि टॅपेन्टाडॉल दोन्ही त्यात आहेत.